नखाएवढा उजेड

सहा दात. मेणात रोवलेले, कुणाच्याच तोंडातले नाहीत.

बाकावर चार माणसं. एकमेकांकडे बघायचं नाही असं ठरवून बसलेली.

डॉक्टरांची चिठ्ठी: 'पेशंटचा गाल चावला जातोय. ही तिसरी कवळी.'

बाहेरच्या खोलीतून चिकटपट्टी फाडल्याचा आवाज.

दातवाल्या काकांना आज कारागीर निवडायचा होता. महिन्याभरात तीन कवळ्या परत आल्या होत्या. चौथी आली की डॉक्टर काम दुसरीकडे देणार, आणि त्यांच्याशिवाय काकांना दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. काकांनी आधी प्लास्टरला दोष दिला, मग मेणाला, मग हवेला. बाहेर पार्सलं बांधणारी सून एवढंच म्हणाली होती, की आता अंगण तेवढं वाकडं म्हणायचं राहिलंय.

परीक्षा काकांनीच मांडली. प्लास्टरचा वरचा आणि खालचा जबडा त्यांनी सकाळी बिजागरीच्या चौकटीत बसवला. तासाभरात वरचे पुढचे सहा दात मेणात लावून दाखवायचे.

पहिल्याने लावले. सुरेख. दुसऱ्याने त्याहून सुरेख, वर काकांच्या कामाची तारीफही केली. तिसरा चाळीस मिनिटांतच लावून उठला. दर वेळी काकांनी मेण खरवडून पुन्हा पाटी कोरी केली. तिघांतून एक निवडायचा कसा, या विचाराने त्यांचं डोकं चढलं.

चौथी एक चाळिशीची बाई. तिने चौकट उचलून डोळ्यांसमोर धरली, फिरवली, खाली ठेवली. मग हात मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. वीस मिनिटांनी काकांनी विचारलं, घड्याळ दिसतंय ना.

"दिसतंय, काका. पण यावर मी दात लावणार नाही. वरचा जबडा तिरका बसलाय."

काकांनी तिला ऐकवलं, की जबडा त्यांनी स्वतः बसवलाय, आणि ती शाळेत पाढे म्हणत होती तेव्हापासून ते जबडेच बसवतायत.

"असेल. तरी तिरका आहे. पट्टी लावून बघा."

बाहेर चिकटपट्टीचा आवाज थांबला.

काकांनी खिडकीकडे तोंड केलं आणि जबड्याखाली पट्टी चौकटीला समांतर, आडवी धरली. डावीकडे ती टेकली. उजवीकडे नखाएवढा उजेड राहिला. त्यांनी पुन्हा धरली. उजेड तेवढाच होता, पण हलत होता. पट्टी हलत होती म्हणून.

काका आपल्या हाताकडे बघत राहिले. मग पायातला काटा निघालेल्या माणसासारखे स्टुलावर टेकले. प्लास्टर चांगलं होतं. मेण चांगलं होतं. हवेचंही काही चुकलं नव्हतं.

"चोर घरातलाच निघाला," ते म्हणाले, आणि पोट धरून हसायला लागले.

त्यांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं. तिने जबडा सोडवून नव्याने बसवला आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत वरून दाबून धरला. तेवढा वेळ काका शेजारी दोन्ही हात खिशात घालून उभे होते. कित्येक महिन्यांत इतका मोकळा श्वास त्यांनी घेतला नव्हता.

आदल्या दिवशी सुनेने चौघांच्याही जुन्या मालकांना फोन केले होते. या बाईचा मालक म्हणाला होता, हात चांगला आहे, पण मालकाचीही चूक पोटात ठेवत नाही, म्हणून काढली. सुनेने ते काकांना सांगितलं नव्हतं.