नियंत्रण गटातली बाई

दोन घरच्या मयतीला रडून द्वारकाबाई परतल्या, तेव्हा चहा टाकायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. सगळ्या गावाने दुःख न होण्याची गोळी घेतली होती. तुलनेसाठी गोळीविना ठेवलेल्या नियंत्रण गटातल्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या. कोरड्या डोळ्यांनी तिरडी उचलायची लोकांना लाज वाटे, म्हणून जो तो त्यांनाच बोलावी.

तेवढ्यात संशोधन केंद्रातली ऋजुता दारात आली.

“मावशी, प्रयोग संपला. आता तुम्हीही सुटलात,” म्हणत तिने गोळी पुढे केली.

“सुटले गं बाई!” द्वारकाबाईंनी गोळी घेऊन पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

ऋजुता मात्र जागची हलेना.

“घेण्याआधी एक... परवा माझे बाबा गेले. गोळीमुळे मला काहीच वाटलं नाही. नियमात बसत नाही, पण त्यांच्यासाठी एकदा रडाल?”

द्वारकाबाईंनी हातातल्या गोळीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. एक सुस्कारा सोडून त्यांनी तांब्या बाजूला सारला.

“बस अशी. कसे होते ते, सांग. नुसत्या नावावर रडू येत नाही मला.”