वळणावरचा खांब

“पट्टे चुकलेत,” खांबाला टेप लावत ती म्हणाली. रस्त्यांवरच्या पाट्या तपासणं हे तिचं काम. “सगळे सारखे हवेत. इथे खालचा तीन वितींचा, वरचे जेमतेम चार बोटांचे. आणि त्याच्यावर खांब कोराच!”

म्हाताऱ्या रंगाऱ्याने डबा खाली ठेवला आणि नुसता हसला. धोक्याच्या वळणाची ही पाटी तिच्या बाबांनीच बसवली होती. खात्यात त्यांना ‘ओळंबा’ म्हणत. त्यांचा एक खांब केसभर कललेला सापडेल तर शपथ! आणि आज त्यांच्या कामावर त्यांच्याच लेकीला ‘सदोष’ असा शेरा मारायचा होता. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी पेन उचलवेना.

तसा या वळणावर तिचा जुना राग. दर वाढदिवसाला बाबांचं नेमकं इथेच काम निघायचं. सकाळी तिला भिंतीला टेकवायचे, “हलू नकोस गं,” म्हणत सुतळीने उंची मोजायचे, गाठ मारायचे, आणि जे जायचे ते दिवे लागल्यावर उगवायचे. यंदा फ्रॉक नक्की, असं ती मैत्रिणींना सांगत सुटायची. फ्रॉक काही आला नाही. “यांनी त्या पाट्यांशीच लग्न लावायचं होतं,” आई करवादायची.

“काका, तुम्ही तरी सांगायचं होतंत त्यांना.”

“सांगितलं की! वर्षाला एकच पट्टा वाढवायचे. काळा, मग पांढरा, मग पुन्हा काळा. रंग उडाला की त्याच रेघांवर मी हात फिरवायचो. म्हटलं, अहो, जरा मापात घ्या. तर खिशातली सुतळी खांबाला लावून म्हणायचे, ‘मापातच आहे रे.’”

तिचा हात एकेका रेघेवरून वर सरकत गेला. मग तिने बूट काढले, खांबाला पाठ टेकवली आणि लहानपणी उभी राहायची तशी न हलता उभी राहिली.

“बघा हो काका, कुठे येतंय?”

रंगाऱ्याने तिच्या डोक्यावर ब्रश आडवा धरला. “शेवटच्या रेघेला. बरोब्बर!”

“असा कसा हो माझा बाप!” ती हसली आणि हसता हसता रडली. मग नाक पुसून तिने वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘पट्टे मापात आहेत.’