खिडकीजवळची टाकी

दार ढकललं तर स्पृहा फरशीवर बसून रडत होती. श्रीधरकाका उंबऱ्यातच थबकले. गेलं! आपल्याच हाताने गेलं सगळं.

दारालगतच्या तिन्ही टाक्यांमधलं प्रवाळ चुन्यासारखं पांढरंफटक पडलं होतं. पांढरं म्हणजे मरणाच्या दारात, एवढं काकांना तीन वर्षांत कळलं होतं. शनिवार पेठेतली ही तळमजल्याची खोली त्यांनीच तिला दिलेली. "मुठेच्या काठी समुद्र मांडलाय बाईंनी," असा टोमणा रोज मारायचे, आणि रोज न चुकता डोकावूनही जायचे. समुद्र तापतोय, प्रवाळ मरतंय. ताप सोसणारं एक जरी सापडलं, तर त्याचे तुकडे मालवणच्या समुद्रात नेऊन लावायचे, हाच पोरीचा ध्यास. या आठवड्यात तिने चारही टाक्यांचं पाणी मुद्दाम तापवलं होतं. शेवटची परीक्षा. एकही टिकलं नाही, तर सोमवारी गाशा गुंडाळायचा.

आणि काकांनी काय केलं होतं? खिडकीजवळच्या चौथ्या टाकीचं पाणी गार ठेवणारं मशीन त्यांच्या पलंगामागच्या भिंतीला चिकटून घरघरायचं. दुपारी स्पृहा कॉलेजात शिकवायला गेली, की काका गुपचूप येऊन ते बंद करायचे. ती यायच्या आत चालू. मशीनवर तिने चिठ्ठी डकवलेली, 'हात लावू नये.' तरी. वर्षभर. ती टाकी दारातून दिसत नव्हती, पण या तिघींच्या आधी तीच मेली असणार.

"शिव्या घाल मला," काका चाचरत म्हणाले. "खिडकीजवळचं मशीन मी बंद करायचो. रोज, एक ते चार. झोप लागायची नाही गं."

स्पृहा ताडकन उठली. "म्हणजे रोज पाणी तापायचं? आणि परत गार व्हायचं?"

"हो."

तिने हात धरून त्यांना ओढतच खिडकीपाशी नेलं. चौथ्या टाकीतलं प्रवाळ तपकिरी, टवटवीत, मजेत डुलत होतं.

"सकाळपासून डोकं फोडून घेतेय, हेच कसं जगलं म्हणून! अहो काका, रोज थोडा थोडा ताप सोसून निबर झालंय ते."

"मग रडत कशाला होतीस?"

"एक तरी जगलं म्हणून!"

सोमवारी बाकीच्या टाक्यांत नवं प्रवाळ आलं. चारही मशीनांवर काकांच्या टपोऱ्या अक्षरातली पाटी लागली:

'दुपारी एक ते चार बंद राहील. कारण विचारू नये.'