कोणत्या देशावर ढकलायचं?

“फवारानी बाटली कितीबी धोय, घरमा नको ठेवू, माय,” असं शेतातल्या फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली धुणाऱ्या सुनेला कमलबाईंनी बजावलं होतं. स्वप्नालीने ते हसण्यावारी नेलं.

आज टीव्हीवर वाद रंगला होता: परदेशात कुणाच्या तरी दाराच्या कडीला मज्जातंतू निकामी करणारं विष कोणी फासलं? नवरा एका देशावर ठाम, स्वप्नाली दुसऱ्यावर. तिच्या प्रत्येक मुद्द्याला मांडीवरची छकुली खुळखुळा वाजवून दाद देई, नि घर खिदळे. तेवढ्यात तज्ज्ञ म्हणाले, “शेतातली काही कीटकनाशकंही याच कुळातली.”

स्वप्नालीने छकुलीच्या तोंडातून खुळखुळा हिसकावला. धुतलेल्या त्या बाटलीत तूरडाळ भरून तिनेच तो बनवला होता.

“आते कोनता देशवर ढकलशी, माय?” कमलबाईंनी विचारलं.

 

तुमचं बाळ आत्ता काय वाजवतंय, जरा बघून या.