बेअरिंगची गाडी

अंगणवाडीत ताईंनी पाटाला उतार दिला आणि त्यावरून पोरांच्या गाड्या सोडल्या. ताईंच्या लेकाची दुकानातली चकचकीत गाडी सतरंजीवरच अडकली. रश्मीची पत्र्याची गाडी थेट उंबऱ्याला धडकली. "कशानं गं एवढी पळती?" ताईंनी गोड आवाजात विचारलं. "बेअरिंग हाय तिला! पप्पांनी कंपनीच्या भंगारातनं आणलं." लेकानं भोकाड पसरलं. ताईंचा नवरा रांजणगावला रश्मीच्या पप्पांच्याच कंपनीत स्टोअर सांभाळायचा. जेवायला वाढताना ताईंनी त्याला सगळं सांगितलं. 'भंगार' हा शब्द तेवढा गाळला. आठवड्यानं रश्मी रिकाम्या हातानं आली. "गाडी कुठाय?" "कंपनीनं जमा केली." ताईंनी पुन्हा पाट मांडला. "सांगा, गाडी कशानं थांबती?" "ब्रेकनं!" पोरं ओरडली. रश्मी म्हणाली, "पप्पा रोज कंपनीचा ड्रेस घालून फाट्यावर उभं ऱ्हात्यात, तरी बस आता त्यांच्यासाठी थांबतच न्हाई." "चुकलं," ताई म्हणाल्या. "म्हणा सगळ्यांनी, घर्षणानं."