आवरून धरणारा सोबती

कोंबडीच्या अंड्याच्या कवचात कोरलेल्या इवल्या गवाक्षातून ऊर्जिताने पाहिले. उबवणीच्या तिसाव्या तासालाच भ्रूणाचे हृदय धडधडत होते. एरवी त्याला अजून काही तास अवकाश असतो.

हृदय घडवणाऱ्या जनुकांना एक प्रथिन जागवते, आणि त्या प्रथिनाला त्याचा सोबती रेणू जागवतो, हा तिच्या मार्गदर्शकांचा, खांबेटे सरांचा, वीस वर्षांचा सिद्धांत. ऊर्जिताने तो सोबतीच काढून टाकला होता. हृदय निजून राहायला हवे होते. ते उलट घाईने जागे झाले. म्हणजे सोबती जागवत नव्हता, आवरून धरत होता.

"अगं, तुझ्या हाताचा दोष आहे हा," सर म्हणाले. "ही अंडी वगळ. नाहीतर तुझ्या पीएचडीच्या प्रबंधावर मी स्वाक्षरी करणार नाही."

"मग मोजणी आपणच करावी, सर." तिने तीस तास उबवलेली नवी चाळीस अंडी, खुणा कागदाने झाकून, त्यांच्यापुढे ठेवली; निम्म्यांतूनच सोबती काढलेला होता. "कोणत्या अंड्यात सोबती आहे, हे आपल्यालाही कळणार नाही."

सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक अंडे तपासले. धडधडणारी अठरा निघाली. ऊर्जिताने त्यांच्यावरचे कागद सोलले. एकातही सोबती नव्हता.

सरांनी सूक्ष्मदर्शक दूर सारला. "वीस वर्षे मी हेच शिकवत आलो," ते म्हणाले. "वगळ म्हटले ना!"

"हे भ्रूण आपल्या वर्गात बसले नव्हते, सर."

आणि निष्कर्षातला एकही शब्द न बदलता, तिने मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज त्यांच्यासमोरच भरायला घेतला.