आधी स्वतः लटकायचं

पाळणा गादीवरून सुटला आणि आत बसलेल्या धाकटीने दोन्ही हातांनी पट्टे घट्ट धरले.

पाळणा म्हणायचा आपला. खरं तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून खुर्चीत ठेवायचं ते यंत्र. चाकांवरचा लोखंडी दांडा, त्याला पट्ट्यांनी अडकवलेली कापडी झोळी आणि वर-खाली करायला दोन बटणं. वर्षभराच्या सेवेसाठी या शुश्रूषागृहात आलेल्यांचं शिक्षण इथूनच सुरू व्हायचं. जो स्वतः झोळीत लटकला नाही, त्याने दुसऱ्याला उचलायचं नाही, असा इथला नियम होता.

बटणं चष्मेवालीच्या हातात होती. तीही आजच आलेली, पण जन्मल्यापासून इथेच नोकरीला असल्याच्या थाटात वावरत होती. बोलण्याच्या नादात तिने खांद्याकडचे पट्टे लांब अडकवले आणि पायाकडचे आखूड. व्हायचं तेच झालं. धाकटीचे गुडघे वर आले, डोकं मागे कलंडलं आणि छताचा पंखा अंगावर येतोय असं तिला वाटलं. खाली सगळे हसत होते. शिकवणाऱ्या बाईंनी दांडा धरून तिला खाली घेतलं आणि स्वतःचं हसू आवरत सगळ्यांना बजावलं की पट्टे लावताना गप्पा नकोत, आणि पेशंटपुढे चेहऱ्यावर भीती तर मुळीच नको. आपणच घाबरलो तर त्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

जेवणाच्या सुट्टीत धाकटीने ताट तसंच बाजूला सारलं. भागूबाई संध्याकाळच्या आत घरी परत येणार, अशी दादाने पैजच लावली होती. आई म्हणाली होती, नाही जमलं तर सरळ ये, कोणी खात नाही तुला. सकाळी तिला या बोलण्याचा राग आला होता. आता त्याचाच आधार वाटत होता. स्वतः पडण्याची भीती केव्हाच मागे राहिली होती. आपल्या हातून दुसरं कोणी पडेल, हा विचार काही केल्या सुटत नव्हता. मला हे जमणार नाही असं बाईंना सांगायचं ठरवून ती उठली, तर बाईच समोर उभ्या. म्हणाल्या, चल, खिडकीजवळच्या आजींना खुर्चीत बसवायचंय. तू कर, मी दारात आहे.

नाही म्हणायलाही धीर लागतो. तो नव्हता, म्हणून ती गेली.

आजींच्या अंगाचं चिपाड झालं होतं. पाय लुळे पडलेले, नजर मात्र शाबूत. धाकटीने त्यांना कुशीवर करून झोळी अंगाखाली सरकवली. पट्टे अडकवले. खांद्याचे आखूड, पायाचे लांब. ओढून बघितले. बटणावर अंगठा ठेवला आणि काढला. पुन्हा पट्टे बघितले. चेहरा हसरा ठेवायचा तिचा आटापिटा चालला होता, पण बटण काही दाबवत नव्हतं. ती पुन्हा एकदा खांद्याच्या पट्ट्याकडे वळली तेव्हा आजी बोलल्या.

"नवी आहेस?"

"हो आजी, आजच आले."

"घाबरलीस?"

धाकटीने दाराकडे बघितलं. बाई कोणाशी तरी बोलत होत्या. नाही म्हणायचं, तेही हसून म्हणायचं, असंच शिकवलं होतं. पण त्या नजरेपुढे खोटं बोलायची तिची छाती झाली नाही.

"खूप," ती म्हणाली.

संपलं. आता या आरडाओरडा करणार, बाई धावत येणार आणि दादा पैज जिंकणार. तिचे डोळे भरून आले. एका हातात बटणं, दुसऱ्या हातात पट्टा. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

आजी ओरडल्या नाहीत. त्यांनी डाव्या हाताने उजवी बाही हळूहळू वर सरकवली. कोपरापासून पार दंडापर्यंत काळानिळा डाग पसरला होता, कडेने पिवळा पडत चाललेला.

"परवा जिने उचललं, ती घाबरत नव्हती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बाही नीट खाली ओढली, दोन्ही हात छातीशी घेतले आणि डोळे मिटले.

"हं. उचल."